शेजारच्या खुर्चीचा खर्च

डिमेन्शिया असलेल्या माणसाला रुग्णालयात दाखल करायची वेळ बहुतेकदा डिमेन्शियामुळे येत नाही. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं, लघवीला जंतुसंसर्ग होऊन ताप चढतो, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, नाहीतर सोडियम उतरतं. दाखल करताना फॉर्मवर हेच लिहिलं जातं. डिमेन्शियाची नोंद केसपेपरच्या कोपऱ्यात असते, कधी नसतेच. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून बिलाचे आकडे मात्र तोच ठरवू लागतो.

होतं असं. दिवसभर बरे असलेले आजोबा रात्री दोनला उठून सलाइन उपटतात, "गाडी काढ, घरी जायचंय" म्हणत पलंगावरून उतरायला बघतात, सिस्टरला चोर समजतात. घरच्यांना वाटतं, आजार एकदम वाढला. पुष्कळदा तो वाढलेला नसतो. तो डेलिरियम असतो, म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उभा राहणारा आणि कमी-जास्त होत राहणारा भ्रम. जंतुसंसर्ग, वेदना, भूल, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, नवी औषधं, झोपमोड यांतली एक-दोन कारणं त्याला पुरतात, आणि मेंदू आधीच थकलेला असेल तर फार लवकर पुरतात. याचं एक मुकं रूपही आहे. माणूस नुसता पडून राहतो, जेवत नाही, बोलत नाही, आणि वॉर्डात सगळे म्हणतात, "आज किती शांत आहेत." हे रूप जास्त धोक्याचं, कारण डॉक्टरांपर्यंत ते जातच नाही.

पुढची साखळी रुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही तोंडपाठ असते. सुई उपटली म्हणून हात बांधतात. हात बांधल्यावर माणूस आणखी चवताळतो, म्हणून झोपेचं इंजेक्शन देतात. त्या गुंगीत चहाचा घोट चुकीच्या वाटेने जातो, छाती भरते, आयसीयूत हलवतात. तोवर पाठीवर बेडसोर धरू लागलेला असतो. यातल्या प्रत्येक पायरीची बिलात वेगळी ओळ असते.

ही साखळी सुरूच होऊ न देणारा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पलंगाशेजारच्या खुर्चीत रात्री बसलेलं ओळखीचं माणूस. आणि शेजारी बसणाऱ्या माणसाचा नेमका तोच खर्च बहुतेक विमा पॉलिसी देत नाहीत. म्हणून घरं तिथे हात आखडता घेतात आणि स्वतंत्र खोलीवर सढळ खर्च करतात. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं.

यामागे नुसती भावना नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात डॉ. शॅरन इनूये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला वेळ-वार-ठिकाणाची आठवण करून देणं, चालवणं, पाणी पाजणं, रात्री गोळीऐवजी कोमट दूध आणि पाठ चोळणं, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणं, एवढंच नेमाने केल्यावर डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. सगळा भ्रम टळला नाही, पण यात एकही महागडं यंत्र नव्हतं. तिथे हे काम प्रशिक्षित स्वयंसेवक करतात. आपल्याकडे ते कुणाचंच काम नसतं, म्हणून घरच्यांनी ते आपल्याकडे घ्यायचं.

माणूस ठेवायचं तर

आधी दर सांगतो. पुण्या-मुंबईत ब्युरोमार्फत येणारी मावशी किंवा अटेंडंट बारा तासांच्या पाळीला साधारण ७०० ते १,२०० रुपये घेते. नर्सिंग शिकलेली सिस्टर १,५०० ते २,५०० रुपये. जिल्ह्याच्या गावी हे आकडे खाली येतात, मुंबईच्या पश्चिम उपनगरांत वर जातात. सणासुदीला दर वाढतो आणि माणूसही मिळत नाही. ब्युरो नोंदणी फी किंवा आगाऊ रक्कम मागतो; ती परत मिळणार की पगारातून वळती होणार, हे पावतीवर लिहून घ्या.

नर्स हवी की मावशी? सलाइन, इंजेक्शन, ड्रेसिंग हे वॉर्डातल्या सिस्टर करणारच असतात आणि त्याचे पैसे नर्सिंग चार्जेसमध्ये आलेले असतात. तुम्हाला हवं असतं ते बसणारं, बोलणारं, भरवणारं, लघवीला नेणारं माणूस. त्यासाठी चांगली मावशी पुरते. मात्र ब्युरोला तीन गोष्टी आधी विचारा: डायपर बदलणं कामात धरलं आहे का, रोज तेच माणूस येणार का, आणि ते आलं नाही तर बदली किती वेळात मिळेल. रोज नवा चेहरा आला तर पैसे जातात आणि उपयोग निम्माच होतो. काही रुग्णालयं बाहेरचा अटेंडंट आत घेत नाहीत, आपल्याच यादीतला घ्यायला लावतात, आणि त्याचा दर चढा असतो. हे डिपॉझिट भरण्याआधी विचारायचं.

बहुतेक घरं रात्रीसाठी पगारी माणूस ठेवतात आणि दिवसा स्वतः बसतात, कारण झोप सगळ्यांना हवी असते. पण डिमेन्शियाच्या माणसाची बेचैनी तिन्हीसांजेपासून वाढते आणि रात्री टोकाला जाते. एकाच पाळीचे पैसे असतील तर ती दिवसाची घ्या. दिवसा वॉर्डात वर्दळ असते, उजेड असतो. संध्याकाळी सहापासून मात्र ज्याचा आवाज ओळखीचा आहे तो मुलगा, सून, नात, शेजारचे काका, कुणीतरी खुर्चीत हवं. पाळ्या आधीच ठरवा. एकाच सुनेने पाच रात्री काढायच्या आणि बाकीच्यांनी फोनवरून चौकशी करायची, हा रिवाज मोडायला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही.

नर्सिंग इन-चार्जना किंवा आरएमओंना सांगून 'रुग्णाला डिमेन्शिया आहे, २४ तास नातेवाईक सोबत राहू द्यावा' अशी नोंद फाइलमध्ये करून घ्या. नुसत्या तोंडी परवानगीला रात्रीचा सुरक्षारक्षक ओळखत नाही. इंग्लंडमध्ये याच मागणीसाठी निकी जेरार्ड आणि ज्युलिया जोन्स यांनी २०१४ मध्ये 'जॉन्स कॅम्पेन' ही मोहीम सुरू केली. जेरार्ड यांच्या डिमेन्शिया झालेल्या वडिलांची रुग्णालयातल्या काही आठवड्यांत, नातेवाइकांना भेटीची बंदी असताना, फार वाताहत झाली होती. नातेवाइकाला भेटीच्या वेळेचं बंधन नको, एवढंच ती मोहीम मागत होती, आणि तिथल्या सरकारी रुग्णालयांनी ते मोठ्या प्रमाणावर मान्य केलं. आपल्याकडे जनरल वॉर्डात नातेवाईक राहतोच, पलंगाखाली चटई टाकून का होईना. अडतं ते आयसीयूत. तिथे निदान जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी अर्धा तास आत सोडा, अशी विनंती करा. पुष्कळ इन्टेन्सिव्हिस्ट ती मान्य करतात, पण आपणहून देत नाहीत.

खुर्चीत बसणाऱ्यासाठी आणि सिस्टरसाठी एक पान लिहून पलंगाशी लावा. खर्च शून्य. त्यावर हाक कोणत्या नावाने मारायची (आईला 'सुमती' म्हटलेलं कळत नसेल, 'माई' म्हटलेलं कळेल), चष्मा-कवळी-श्रवणयंत्र कुठे आहे, लघवी लागली की काय करतात, कशाने चिडतात, कशाने निवतात, चहात साखर किती, आणि दुखतंय हे कसं ओळखायचं, एवढं हवं. भाषाही लिहा. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते. आयुष्यभर मुंबईत हिंदी बोललेल्या आजीकडे आता फक्त मालवणी किंवा अहिराणी उरलेली असते, आणि सिस्टर केरळची असते. 'पाणी', 'दुखतंय', 'परसाकडे' असे पाच-सात शब्द उच्चारासकट लिहून दिले तर पुष्कळ आरडाओरडा टळतो.

बिलाचा अंदाज

एक काल्पनिक पण वास्तवाजवळचं बिल मांडू. पुणे-नाशिकसारखं शहर, मध्यम खासगी रुग्णालय, खुब्याचा अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया, दोघांच्या खोलीत सहा दिवस. खोलीभाडं रोज ४,००० प्रमाणे २४,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी मिळून १ लाख. कृत्रिम सांधा ४०,०००. औषधं आणि कन्झ्युमेबल्स ३५,०००. तपासण्या २०,०००. डॉक्टरांच्या फेऱ्या आणि नर्सिंग १५,०००. बेरीज २ लाख ३४ हजार. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात हेच तीन-साडेतीन लाखांवर जाऊ शकतं.

आता याच माणसाला तिसऱ्या रात्री डेलिरियम झाला आणि गुंगीतून न्यूमोनिया झाला असं धरा. आयसीयूचे तीन दिवस १५,००० प्रमाणे ४५,०००, जादा औषधं आणि तपासण्या २५,०००, खोलीत आणखी चार दिवस १६,०००, फेऱ्यांचे १०,०००. वर ९६ हजार रुपये. सहा दिवस दोन्ही पाळ्यांना हजार रुपयांची मावशी ठेवली असती तर १२,००० झाले असते. मावशी ठेवली की भ्रम होणारच नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही, पण पैज लावायची तर मी याच बाजूने लावेन.

खुब्याच्या बाबतीत आणखी एक. रक्तदाब आणि साखर 'सेट' करण्याच्या नावाखाली शस्त्रक्रिया चार-पाच दिवस लांबत असेल तर नेमकं काय सुधारायची वाट बघतोय, ते विचारा. शक्य तिथे दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावी, असं जगभरचे अस्थितज्ज्ञ सांगतात. मोडक्या हाडावर पडून राहिलेल्या प्रत्येक दिवसाचं भाडं लागतं आणि वेदनेने भ्रम वाढतो. वेदनेसाठी मांडीत नर्व्ह ब्लॉक देता येतो. त्याने गुंगी आणणारी औषधं कमी लागतात. डिमेन्शियाचा माणूस 'दुखतंय' म्हणत नाही, तो कण्हतो, कपाळाला आठ्या घालतो, हात लावू देत नाही. "मागितलं तर पेनकिलर देऊ" ही सूचना त्याच्या कामाची नाही; ठरल्या वेळी औषध द्यायला सांगा.

स्वतंत्र खोलीचा मोह

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल, उदाहरणार्थ ४ लाखांच्या विम्यावर दिवसाला एक टक्का म्हणजे ४,००० रुपये, आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे ४,००० तुमच्या खिशातून जातात असं नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग, फेऱ्या या खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. वरच्या उदाहरणातले हे १ लाख १५ हजार निम्मे होतील, म्हणजे ५७,५०० रुपये तुमचे. खोलीतल्या फरकाचे सहा दिवसांचे २४,०००. एकूण ८१,५००. औषधं, सांधा आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही, एवढाच दिलासा. शिवाय खोलीचा वर्ग वाढला की पुष्कळ रुग्णालयांत त्याच शस्त्रक्रियेची फीही वाढते, आणि आयसीयू सोडून ५,००० रुपयांवरच्या खोलीभाड्यावर ५ टक्के जीएसटी लागतो.

डिमेन्शियाच्या रुग्णाला शांतता हवी हे खरं. पण बंद खोलीत एकटं पडलेलं माणूस उतरायला गेलं तर कुणाला दिसत नाही. दोघांच्या खोलीतला खिडकीजवळचा पलंग मागा, आणि शेवटपर्यंत तोच पलंग द्या, अशी विनंती करा. खाटा बदलत राहिल्या तर भ्रम वाढतो. दिवसा पडदा उघडा, समोर घड्याळ आणि कॅलेंडर, रात्री मंद दिवा. घड्याळ दोनशे रुपयांत येतं.

विमा न देणाऱ्या वस्तू

अटेंडंट, खासगी नर्स, डायपर, वॉकर, क्रीम-पावडर हे सगळं विमा नियामकाच्या 'न मिळणाऱ्या' यादीत आहे. कन्झ्युमेबल्सचं जोडकलम घेतलं असेल तर त्यातलं काही मिळतं, पॉलिसी वाचा. डायपर एक साधारण ३० ते ६० रुपयांना पडतो आणि दिवसाला चार-पाच लागतात. रुग्णालयाच्या मेडिकलमधून छापील किमतीला घेण्यापेक्षा बाहेरून घाऊक घ्या. औषधं कुठून घ्यायची हे ठरवायचा हक्क रुग्णहक्कांच्या सनदेत आहे, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार ही सनद आणि प्रमुख सेवांचे दर खासगी रुग्णालयाने दर्शनी जागी लावायचे असतात. कुठे लावलेत ते एकदा विचारून बघा. नुसत्या विचारण्याने बिलिंग काउंटरचा सूर बदलतो.

एअर बेड दोन ते चार हजारांत विकत मिळतो आणि घरीही कामाला येतो. रुग्णालयाचं रोजचं भाडं भरू नका. बेडसोर पडल्यावर ड्रेसिंगचे जे महिने जातात त्यापुढे ही रक्कम काहीच नाही.

कोण किती देईल

रुग्ण सत्तरीचा असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यात मिळतात. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर रक्कम वाटून. खासगी विमा असला तरी चालतं. पॅकेजमध्ये दाखल होण्याआधीचे तीन आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवसही धरलेले असतात. अडचणी दोन. अनेक मोठी खासगी रुग्णालयं यादीत नसतात, म्हणून १४५५५ वर फोन करून आपल्या भागातली नावं आजच लिहून ठेवा. दुसरी म्हणजे आधार पडताळणी. म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला असतो. हे काम घरी, माणूस शांत असताना उरकायचं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली आहे, मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख. आपला उपचार यादीत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. १५५३८८ वरही कळतं. गोव्यात पाच वर्षं राहिलेल्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चौघांच्या किंवा त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख.

धर्मादाय रुग्णालयं हा महाराष्ट्रातला पुरेसा न वापरला जाणारा आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा, आणि दाखल करतानाच भेटा. डिस्चार्जच्या दिवशी सवलत मागितली की फाइल हलत नाही. आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफतच आहेत. तिथे मावशीचे पैसे वेगळे काढून ठेवले तर जिल्हा रुग्णालयातही डिमेन्शियाच्या रुग्णाचं बरं निभावतं.

खासगी विम्यात डिमेन्शियाचं निदान लपवू नका. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची, आणि २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला वयाची अट नाही. पण डिमेन्शियाची गोळी चालू असताना अर्जावर 'काही नाही' लिहिलं असेल तर खुब्याचा दावासुद्धा अडकू शकतो.

काय नको म्हणायचं

लघवीची नळी सोयीची म्हणून घातली असेल तर ती कधी काढणार ते रोज विचारा. जंतुसंसर्ग आणि भ्रम दोन्ही तिच्यातून येतात. रात्री गडबड केली म्हणून रोज नवा सीटी स्कॅन करण्याआधी लघवी, पोट आणि औषधांचा तक्ता बघा, असं सांगा. ॲव्हिल आणि फेनर्गन ही आपल्या वॉर्डांतली अगदी साधी इंजेक्शनं, पण या रुग्णांत ती भ्रम वाढवतात. झोपेच्या गोळ्यांचं तेच. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ आणि २००८ मध्ये दिला आहे. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तेव्हा ती थोड्या मात्रेत, थोडे दिवस लागू शकतात. पण लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर ती फार घातक ठरतात. हे निदान फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने हवं. घरी चालू असलेली डोनेपेझिलसारखी गोळी रुग्णालयात नकळत बंद पडत नाही ना, तेही बघा.

नाकातून नळी हा सगळ्यात अवघड निर्णय. तात्पुरत्या आजारात ती उपयोगी पडते. पण शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असं दिसलेलं नाही, आणि अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तिच्याऐवजी हाताने, सावकाश, थोडं थोडं भरवण्याचा सल्ला दिला आहे. एका जेवणाला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ वॉर्डातल्या सिस्टरकडे नसतो, म्हणून नळी येते, ती उपटली जाते म्हणून हात बांधले जातात. इथेही मावशीच कामाला येते.

पैसा असून हाताशी नसणं

बाबांच्या नावावर वीस लाखांची एफडी आहे, पण सही करता येत नाही. हे फार घरांत होतं. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. करून देणाऱ्याची समज गेली की भारतीय कायद्यात साधं मुखत्यारपत्र संपतं. त्यानंतर न्यायालयात पालक नेमून घ्यावा लागतो, आणि वकिलाची फी व वेळ दोन्ही जातात. समज शाबूत आहे तोवर खातं 'दोघांपैकी कुणीही एक' अशा अटीवर संयुक्त करून घ्या. बँकेत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणा, लगेच कळेल. माणूस समजतो-बोलतो पण हात चालत नाही, एवढीच अडचण असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अंगठ्याच्या ठशाची सोय आहे. बँकेचा अधिकारी आणि आणखी एक साक्षीदार लागतो. यासाठी शाखेत अर्ज द्या.

व्हेंटिलेटर, पुन्हा आयसीयू याबद्दल माणसाची इच्छा लिहून ठेवायची असेल तर तीही याच टप्प्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

डिस्चार्ज आणि नंतर

कॅशलेसमध्ये अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, उशिरामुळे वाढलेला रुग्णालयाचा खर्च विमा कंपनीने सोसावा, असा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. तरी डिस्चार्ज सकाळी मागा. संध्याकाळी सातला व्हीलचेअरवर ताटकळलेल्या डिमेन्शियाच्या माणसाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. दावा नाकारला आणि कंपनीने तक्रार ऐकली नाही तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपाल आहेत. तिथे वकील लागत नाही.

डिस्चार्ज समरी हातात आली की एकच प्रश्न विचारा: यातल्या कोणत्या गोळ्या रुग्णालयात सुरू झाल्या आणि त्या कधी थांबवायच्या? झोपेची किंवा शांत करणारी गोळी 'चालू ठेवा' म्हणून समरीत राहते आणि वर्षभर चालते.

घरी आल्यावरचा पहिला महिना महाग असतो. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका भेटीचे ५०० ते १,००० रुपये घेतो. हॉस्पिटल बेडचं महिन्याचं भाडं दीड ते चार हजार, वॉकर हजार-बाराशे, २४ तासांची मावशी २५ ते ४० हजार. पुष्कळ पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे साठ दिवस धरलेले असतात. फिजिओथेरपीची चिठ्ठी समरीवरच लिहून घेतली तर ती बिलं लावून बघता येतात. डिमेन्शियासाठीच्या निवासी केंद्रात तात्पुरतं ठेवायचं तर महिन्याला २५ ते ६० हजार, अनामत वेगळी. जवळच्या सोयी आणि तक्रारींसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. डिमेन्शियाच्या कुटुंबांसाठी १९९२ पासून काम करणाऱ्या एआरडीएसआय या संस्थेच्या शाखाही सल्ला देतात.

जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनी कलम ८०-डीडीबी विसरू नये. ठरावीक आजारांच्या यादीत डिमेन्शियाचं नाव आहे, अट ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाची. रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर वर्षाला १ लाखापर्यंतची वजावट, विम्याने दिलेली रक्कम वजा करून. न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी लागते, साध्या फिजिशियनची चालत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला जुना क्रमांक सांगून नवा विचारून घ्या. आणि ती चिठ्ठी मार्चमध्ये धावपळ करून मागण्यापेक्षा डिस्चार्जनंतरच्या पहिल्या फेरीतच मागा, कारण न्यूरॉलॉजिस्टकडे तेव्हा तसंही जायचंच असतं.